पाठीशी बिऱ्हाड, पोटात बॅटरी : गोल्डन ते मोआब आणि परत, सात दिवस

कोलोरॅडोतील गोल्डन येथून निघून रॉकी पर्वत ओलांडायचा, युटामधील मोआबच्या लाल खडकांत तीन रात्री काढायच्या आणि त्याच वाटेने परत यायचे, असा आमचा साधा बेत होता. ही वाट आम्ही पूर्वी पेट्रोलच्या गाडीने अनेकदा केलेली होती. या वेळी मात्र पुढे विजेवर चालणारा ट्रक होता, मागे २२ फुटी कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचे चाकांवरचे छोटे घर, होता आणि पत्नी, मी व बारा वर्षांची लेक अशा तिघांचे सात दिवसांचे बिऱ्हाड त्या कॅम्परमध्ये भरलेले होते. काळ सप्टेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा.

आमचा ट्रक २०२३ सालचा, मोठ्या बॅटरीचा फोर्ड एफ-१५० लायटनिंग आहे. त्याच्या बॅटरीत वापरता येण्याजोगी १३१ युनिट वीज मावते आणि रिकामा ट्रक सरकारी चाचणीनुसार एका चार्जमध्ये ३२० मैल जातो. घरच्या वीजबिलात आपण ज्याला युनिट म्हणतो तेच हे युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास. त्यामुळे हिशेब समजायला सोपा जातो. रिकामा ट्रक हमरस्त्यावर एका युनिटमध्ये सव्वादोन मैलांच्या आसपास चालतो. कॅम्पर जोडला की तोच आकडा एक मैल किंवा त्याहून जरासा वर येतो, म्हणजे ३२० मैलांचे जेमतेम १४० मैल उरतात.

हे वजनामुळे होते असे बहुतेकांना वाटते आणि पहिल्या सहलीपर्यंत मलाही तसेच वाटत होते. निघण्यापूर्वी वजनकाट्यावर आमचा कॅम्पर सामानासह ४,९०० पौंड भरला आणि त्यातला सुमारे ६०० पौंड भार ट्रकच्या मागच्या, कॅम्पर जोडायच्या गोळ्यावर येत होता. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे असावा असा संकेत आहे. हा ट्रक १०,००० पौंडांपर्यंत ओढू शकतो, त्यामुळे वजनाची चिंता नव्हतीच. वीज खातो तो कॅम्परचा आठ फूट रुंद आणि साडेदहा फूट उंच सपाट चेहरा, जो ट्रकच्या टपाच्या बराच वर जाऊन हवा ढकलत राहतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ६५ मैलांऐवजी ५५ ने गेल्यास तो विरोध २८ टक्क्यांनी घटतो. याउलट, तेवढ्याच वजनाची पण बसकी, निमुळती होडी ओढताना वीज पुष्कळ कमी लागते. अगदी स्पष्ट सांगायचे तर, कॅम्पर घेऊन निघालेल्या माणसाने मैल मोजण्याआधी वारा, वेग आणि चढ मोजले पाहिजेत.

ट्रकच्या पडद्यावर कॅम्परची लांबी, रुंदी, उंची आणि वजन भरून ठेवण्याची सोय आहे. ते भरले की पल्ल्याचा अंदाज त्यानुसार बदलतो. आम्ही ते भरले, तरी लेकीच्या हाती एक वही दिली आणि प्रत्येक थांब्यावरचे बॅटरीचे टक्के व मैल लिहिण्याचे काम तिच्याकडे सोपवले. पुढचे सगळे आकडे त्या वहीतले आहेत.

पहिला दिवस : गोल्डन ते ग्लेनवूड स्प्रिंग्स, १४३ मैल

आमच्याकडे कॅम्पर ‘जुंपतात’ आणि ‘सोडतात’. हे शब्द लेकीच्या आजोबांनी फोनवरून दिले आणि घरात कायमचे रुजले. जुंपणे म्हणजे ट्रक मागे घेऊन गोळा खोबणीखाली आणायचा, जॅक खाली सोडून भार गोळ्यावर घ्यायचा, कुलपाची खीळ घालायची, दोन्ही साखळ्या एकमेकींवर फुली करून अडकवायच्या, भार विभागणारे दांडे चढवायचे, दिव्यांचा व ब्रेकचा सात पिनांचा प्लग लावायचा, कॅम्पर निसटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार जोडायची आणि शेवटी चाकांखालचे ठोकळे काढायचे. घाई न करता आम्हा दोघांना याला दहा-बारा मिनिटे लागतात. या मिनिटांचे महत्त्व पुढे कळेल.

सकाळी आठ वाजता १०० टक्क्यांवर निघालो. गोल्डनची उंची सुमारे ५,७०० फूट आणि ४५ मैलांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याची ११,१५८ फूट, म्हणजे हा टप्पा बहुतेक चढाचा आहे. माझे गणित असे होते : ट्रक, कॅम्पर आणि माणसे मिळून साडेपाच टनांहून अधिक वजन जवळजवळ १,७०० मीटर वर न्यायला केवळ गुरुत्वाकर्षणापोटी २५ युनिट लागतात, मोटारीतील व चाकांतील तूट धरली तर २९. हवेचा आणि रस्त्याचा खर्च त्याशिवाय. आयडाहो स्प्रिंग्सला ७७ टक्के होते आणि बोगद्याच्या तोंडाशी ४४.

पण चढावरच्या चालण्याविषयी एक चांगली गोष्ट लिहिलीच पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनाला या उंचीवर विरळ हवेमुळे धाप लागते. आमची जुनी गाडी याच चढावर कर्कश ओरडत ताशी ४० मैलांवर येत असे. विजेच्या मोटारीला श्वास घ्यायचा नसतो. आम्ही उजव्या मार्गिकेतून ताशी ५५ मैलांनी, आतल्या आत सहज बोलत, वर गेलो. विरळ हवेचा आणखी एक लाभ असा की समुद्रसपाटीच्या तुलनेत दहा हजार फुटांवर हवेची घनता पावपट कमी असते आणि तेवढ्या प्रमाणात कॅम्परच्या चेहऱ्याला होणारा विरोधही घटतो.

बोगद्यानंतरचा सात टक्क्यांचा उतार सिल्व्हरथॉर्नला नेतो. उतारावर मोटार उलट काम करून चाकांना रोखते आणि वीज परत बॅटरीत भरते. ब्रेकच्या पट्ट्यांना काम पडत नाही. सिल्व्हरथॉर्नला आकडा ४६ होता. पुढे वेल घाट ओलांडून ग्लेनवूडपर्यंत ५० टक्क्यांच्या वर लागणार हे वहीतच दिसत होते, म्हणून थांबणे भाग होते.

तिथल्या चार्जिंग केंद्राची रचना एकट्या गाड्यांसाठी होती : समोर कठडा, कठड्यापाशी यंत्रे आणि मागे वाहनतळाची वर्दळ. कॅम्परसकट उभे राहिलो असतो तर मागचा रस्ता बंद झाला असता आणि निदान तीन जागा अडल्या असत्या. तेव्हा वाहनतळाच्या कडेला सपाट जागा पाहून, चाकांना ठोकळे लावून कॅम्पर सोडला, ट्रक एकटा यंत्राशी नेला, ४६ ते ८० टक्के २५ मिनिटांत झाले, परत येऊन कॅम्पर जुंपला. पाऊण तास गेला. त्यातली वीस मिनिटे विजेची नव्हती, जागेच्या रचनेची होती. पेट्रोल पंपावर कोणी ट्रेलर सोडून पेट्रोल भरत नाही, कारण तिथे सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येते. चार्जिंगची जागा आखताना एका टोकाला अशी एक आरपार मार्गिका ठेवली तर कितीतरी कुटुंबांचे श्रम वाचतील, असे मला मनापासून वाटते.

वेल घाटाच्या माथ्यावर, सुमारे १०,६६० फुटांवर, ॲस्पेन झाडांची पाने सोन्यासारखी झालेली होती. तिथून ग्लेनवूडपर्यंतच्या ७४ मैलांत रस्ता ४,९०० फूट उतरतो. शेवटची बारा मैल ग्लेनवूड कॅन्यन लागते, जिथे १९९२ साली पूर्ण झालेला महामार्ग कोलोरॅडो नदीच्या काठाने, काही ठिकाणी एका दिशेचा रस्ता दुसऱ्याच्या वर अशा रीतीने, कड्याला न दुखावता नेलेला आहे. मुक्कामी २९ टक्के घेऊन पोहोचलो.

तिथल्या कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेला विजेचा खांब असतो. त्यावर कॅम्परसाठी ३० अँपिअरचे १२० व्होल्टचे सॉकेट आणि मोठ्या गाड्यांसाठी ५० अँपिअरचे २४० व्होल्टचे सॉकेट असते. दुसऱ्यात आम्ही ट्रकचा फिरता चार्जर लावतो. नोंदणी करतानाच मी विचारून घेतले होते, कारण काही ठिकाणी ट्रक चार्ज करायला परवानगी नसते आणि काही ठिकाणी वेगळे पैसे आकारले जातात. ३० अँपिअरने ताशी सुमारे सात युनिट मिळतात. संध्याकाळी सात ते सकाळी आठ एवढ्या वेळात २९ चे ९३ झाले आणि कोणाला जागे राहावे लागले नाही.

दुसरा दिवस : ग्लेनवूड स्प्रिंग्स ते फ्रूटा, ९७ मैल

नकाशावर हा सहलीतला सर्वांत सोपा टप्पा. रस्ता नदीसोबत हळूहळू उतरतो, घाट नाही, ९३ टक्क्यांनी निघून ३३ टक्क्यांनी पोहोचू असा अंदाज होता. रायफल गाव मागे पडले आणि पश्चिमेकडून समोरचा वारा सुरू झाला.

रस्त्याकडेची झुडपे आमच्या दिशेने वाकलेली दिसत होती. ताशी ६० मैलांनी जाणाऱ्या गाडीवर समोरून ताशी २० मैलांचा वारा आला की हवेच्या दृष्टीने ती गाडी ८० ने चाललेली असते. एका युनिटमागचे मैल १.१५ वरून ०.९ च्या आसपास आले. लेक मागून दर दहा मैलांनी आकडा वाचत होती आणि तिच्या आवाजातला बदल मला ऐकू येत होता. पॅलिसेडच्या द्राक्षमळ्यांपाशी ७४ मैल झाले होते आणि ६१ टक्के खर्ची पडले होते. उरले ३२, पुढे २३ मैल.

पत्नीचे म्हणणे होते की ग्रँड जंक्शन वाटेतच आहे, तिथे थांबून वीस मिनिटे चार्ज करावे. माझे म्हणणे असे की मुक्कामाला खांब आहेच, कॅम्पर सोडण्या-जुंपण्याचा खटाटोप कशाला. शेवटी वेग ५० वर आणला आणि सरळ फ्रूटाला गेलो. १२ टक्के उरले होते. त्या संध्याकाळी माझा निर्णय बरोबर ठरल्यासारखा वाटला. आज लिहिताना मात्र पत्नीचे म्हणणे बरोबर होते असेच म्हणेन. रात्रीच्या विजेचा भरवसा धरून बॅटरी इतकी खाली आणू नये, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी समजले.

तिसरा दिवस : फ्रूटा ते डेड हॉर्स पॉइंट, १३४ मैल

सकाळी सहाला लेक बाहेर गेली आणि पळत परत आली. “बाबा, छत्तीसच आहे!”

खांबावरचा ५० अँपिअरचा ब्रेकर रात्री अकराच्या सुमारास पडलेला होता. कॅम्परचे ३० अँपिअरचे सर्किट वेगळे असल्याने आतला फ्रिज आणि दिवे चालू राहिले आणि आम्हाला काही कळले नाही. कॅम्पग्राउंडची जुनी वायरिंग मुख्यतः वातानुकूलन यंत्रांचा चढउताराचा भार डोळ्यांपुढे ठेवून घातलेली असते. ट्रक मात्र तासन्‌तास एकसारखा प्रवाह ओढतो. अशा सलग भाराखाली जुना ब्रेकर किंवा सैल झालेले सॉकेट तापत जाते आणि क्षमतेच्या आतच ब्रेकर पडतो. यावर उपाय अवघड नाही. पहिल्या तासानंतर प्लगला हात लावून पाहावा, तो कोमटपेक्षा गरम लागला तर ट्रकच्या पडद्यावरून किंवा चार्जरवरून प्रवाह उतरवता येत असल्यास २४ अँपिअरवर आणावा, आणि झोपण्यापूर्वी फोनवर एकदा आकडा बघावा. यातले शेवटचे एक केले असते तरी पुरले असते.

फ्रूटापासून मोआब १०० मैल आणि ३६ टक्क्यांत ते शक्य नव्हते. पण कॅम्पर आधीच सोडलेला होता, हे मोठे नशीब. पत्नी आणि लेक न्याहारीच्या तयारीला लागल्या आणि मी एकटाच ट्रक घेऊन बारा मैल मागे ग्रँड जंक्शनला गेलो. यंत्र गाठण्यापूर्वी ट्रकच्या नकाशात ते मुक्कामाचे ठिकाण म्हणून भरले, म्हणजे बॅटरी वाटेतच योग्य तापमानाला येते आणि वीज लवकर घेते. ८० टक्क्यांनंतर लिथियमच्या बॅटरीला प्रवाह कमी करावाच लागतो, नाहीतर पेशींना इजा होते. म्हणून एरवी आम्ही ८० ला निघतो. त्या दिवशी ९३ पर्यंत थांबलो. शेवटच्या तेरा टक्क्यांना जो वेळ लागला त्यात एरवी तीस टक्के झाले असते, पण पुढचे १०० मैल डोळ्यांपुढे होते आणि थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

शेजारच्या जागेत डिझेलचा मोठा पिकअप घेऊन एक आजोबा कॉफी पीत उभे होते. कॅम्पर ओढून हा ट्रक किती जातो असे त्यांनी विचारले. “वारा नसेल तर १४०, असेल तर १००,” असे मी सांगितले. ते म्हणाले, “मग दर दोन तासांनी पाय मोकळे होतात. माझ्या वयाला ते बरे.” तेवढे बोलून ते गेले.

अकराला कॅम्पर जुंपून निघालो. युटाची हद्द ओलांडली की पुढे ओसाड माळ, दूरवर बुक क्लिफ्सची करडी भिंत आणि आकाश. वारा पडला होता. क्रेसेंट जंक्शनला महामार्ग सोडून दक्षिणेला वळायचे असते. तिथून तसेच पश्चिमेला गेले तर ग्रीन रिव्हर लागते आणि ग्रीन रिव्हरनंतर सलायनापर्यंत सुमारे ११० मैल या महामार्गावर पेट्रोल, दुकान, वस्ती काहीही नाही. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवरचा सोयींविना असलेला हा सर्वांत लांब टप्पा आहे. वर त्यात सॅन राफेल स्वेलचा चढ आहे. मोआबऐवजी कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानात जाण्याचा विचार आम्ही आधी केला होता आणि या एका टप्प्यासाठी सोडून दिला होता. वळण घेताना लेकीने त्या दिशेकडे बराच वेळ पाहिले.

मोआबला २० टक्क्यांवर पोहोचलो आणि इथे प्रथमच हवी तशी जागा मिळाली : ओळीच्या टोकाचे यंत्र, ज्याच्या बाजूने कॅम्परसकट सरळ उभे राहता आले. टेस्ला कंपनीचे सुपरचार्जर, म्हणजे तिची वेगवान चार्जिंग यंत्रे, २९ फेब्रुवारी २०२४ पासून फोर्डच्या विजेच्या गाड्यांना खुले झाले, त्यामुळे या भागातले पर्याय एकदम वाढले. अडॅप्टर आम्ही बरोबर ठेवतो. अडचण एवढीच की टेस्लाच्या गाड्यांचे चार्जिंगचे तोंड डाव्या बाजूला मागे असते आणि आमच्या ट्रकचे डाव्या बाजूला पुढे, त्यामुळे आखूड केबल पोहोचवण्यासाठी शेजारच्या जागेत घुसावे लागते आणि दोन जागा अडतात. गर्दी असेल तिथे आम्ही असे करत नाही. थांबतो, किंवा दुसरे केंद्र शोधतो. विजेचा दर युनिटला अर्ध्या डॉलरच्या आसपास पडला.

कॅम्परची टाकी आम्ही मोआबमध्येच भरून घेतली, कारण मुक्कामाच्या डेड हॉर्स पॉइंटला, म्हणजे मोआबजवळच्या पठारावरच्या राज्य उद्यानात, पाणी टँकरने वर आणावे लागते आणि कॅम्पर भरण्याची सोय तिथे नाही. चाळीस गॅलन पाणी म्हणजे ३३० पौंडांहून अधिक वजन, पण हे वजन चढापुरतेच जाणवते. मोआबपासून ३४ मैलांत २,००० फूट चढून केयेंटा कॅम्पग्राउंडवर पोहोचलो तेव्हा ४३ टक्के होते. तिथे प्रत्येक जागेवर वीज आहे. त्या रात्री मी प्लगला तीनदा हात लावून पाहिला.

चौथा दिवस : कॅम्पर जागेवर, ट्रक मोकळा

या दिवसाचा ट्रकविषयक मजकूर थोडा आहे. कॅम्पर मागे नसला की ट्रक पुन्हा सव्वादोन मैलांवर येतो आणि वही लागत नाही. सूर्योदयाला मेसा आर्च पाहिली; कमानीच्या खालच्या बाजूला पहिल्या उन्हाचा नारिंगी प्रकाश पडतो आणि दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. कॅन्यनलँड्स १९६४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याचा ‘आयलंड इन द स्काय’ हा भाग एका सपाट पठारावर आहे, जिथून ग्रीन नदीची वळणे खाली हजारभर फुटांच्या दोन पायऱ्यांपलीकडे दिसतात. संध्याकाळी डेड हॉर्स पॉइंटच्या कड्यावर आलो. २,००० फूट खाली कोलोरॅडो नदीने घेतलेला मोठा वळसा अंधार पडेपर्यंत पाहत बसलो.

रात्री एक छोटी गोष्ट आठवणीने केली. चार्जिंगची मर्यादा १०० ऐवजी ८८ वर ठेवली. कारण दुसऱ्या दिवसाची सुरुवात मोठ्या उताराने होणार होती आणि भरलेल्या बॅटरीत परत येणाऱ्या विजेला जागा नसते; मग मोटार रोखण्याचे काम करू शकत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. मागे अडीच टनांच्या जवळपास वजन ढकलत असताना ही गोष्ट केवळ बचतीची राहत नाही, सुरक्षिततेची होते.

पाचवा दिवस : डेड हॉर्स पॉइंट ते डेव्हिल्स गार्डन, ४७ मैल

उतारावर पडदा वर जाणारे आकडे दाखवत होता आणि ट्रकचा वेग माझ्या पायाने, ब्रेक न लावता, धरून ठेवला होता. तरी दर मैलाला एकदा ब्रेकवर हलका पाय ठेवून कॅम्परचे स्वतःचे ब्रेक लागतात याची खात्री करत होतो. मोटारीची रोखण्याची शक्ती फक्त ट्रकच्या चाकांवर चालते. कॅम्परचे ब्रेक ब्रेकचे पेडल दाबल्यावर लागतात. वळणावर नुसत्या मोटारीने जोरात रोखले तर मागचे वजन ट्रकला ढकलते. म्हणून वळणाआधीच वेग उतरवायचा, वळणात नाही.

आर्चेस राष्ट्रीय उद्यानात त्या हंगामात सकाळी सात ते दुपारी चार या वेळेत प्रवेशासाठी आधी वेळ राखून ठेवावी लागत होती, पण आतल्या कॅम्पग्राउंडची नोंदणी असणाऱ्यांना ती अट नव्हती. दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी असलेल्या या उद्यानाच्या शेवटच्या टोकाला डेव्हिल्स गार्डन आहे. तिथे वीज नाही.

ती रात्र मला संपूर्ण सहलीत सर्वांत आवडली. ट्रकच्या मागच्या हौद्यात घरगुती सॉकेटे आहेत. कॅम्परची तार तिथे लावली आणि फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप, दिवे, सगळे ट्रकच्या बॅटरीवर चालले. शेजाऱ्यांपैकी एकाने संध्याकाळी जनरेटर लावला होता आणि ठरलेल्या वेळी तो बंद झाल्यावर सगळा परिसर एकदम शांत झाला. आमच्याकडे आवाज आधीपासूनच नव्हता. खडकांच्या भिंतींमधून आकाशगंगा वर आली. सकाळी पाहिले तर रात्रभरात चार युनिट, म्हणजे तीन टक्के, खर्च झाले होते. वाटेत जी बॅटरी सतत अपुरी वाटत होती ती इथे आठवडाभर संसार चालवू शकली असती.

सहावा दिवस : डेव्हिल्स गार्डन ते ग्लेनवूड स्प्रिंग्स, २२० मैल

परतीला एका दिवसात दोन दिवसांची वाट करायची होती. मोआबला त्याच टोकाच्या यंत्रावर ९० टक्के केले. दुसऱ्या दिवशी ज्या वाऱ्याने छळले होते तोच पश्चिमेचा वारा आता पाठीशी होता. ग्रँड जंक्शनपर्यंत ११२ मैल एका युनिटला सव्वा मैलाच्या हिशेबाने पार पडले. कॅम्पर जोडलेला असताना, मोठ्या उताराशिवाय, एवढा चांगला आकडा लेकीच्या वहीत यापूर्वी नव्हता. तिने त्याभोवती चौकट काढली. तिथे या खेपेला ८५ टक्के होताच निघालो आणि ग्लेनवूडला २६ टक्क्यांनी पोहोचलो. खांबाचे ब्रेकर, प्लग, प्रवाह, सगळे तपासले. फोनवर दहा वाजता पुन्हा पाहिले.

सातवा दिवस : ग्लेनवूड स्प्रिंग्स ते गोल्डन, १४३ मैल

९६ टक्क्यांनी निघून वेलला ४६, घाटमाथ्यावर २७, सिल्व्हरथॉर्नला २२. तिथे पुन्हा सोडणे, चार्ज करणे, जुंपणे. पत्नी आता जॅक आणि साखळ्या माझ्याहून लवकर हाताळते, त्यामुळे सगळे मिळून सोडण्या-जुंपण्याला सोळा मिनिटे लागली. ७५ टक्क्यांनी निघालो आणि नऊ मैलांच्या चढात पंधरा टक्के देऊन बोगद्यात शिरलो.

पलीकडे बाहेर पडलो तेव्हा ६० टक्के होते. जॉर्जटाउनपर्यंतच्या तेरा मैलांत हा आकडा एकानेही खाली आला नाही. पहिल्या दिवशी याच ४५ मैलांना ५६ टक्के लागले होते; उलट दिशेने घराच्या दारात पोहोचलो तेव्हा ४३ उरलेले होते, म्हणजे फक्त १७ खर्च झाले. चढताना पर्वताला दिलेल्यातले बरेच त्याने परत केले होते.

कॅम्पर अंगणात सोडला, ठोकळे लावले, पाण्याची टाकी रिकामी केली. लेक पायरीवर बसून शेवटची ओळ लिहीत होती. मी वही पाहायला मागितली तेव्हा तिने पुढचे कोरे पान उघडून दाखवले. वर तिने लिहिले होते, ‘ग्रीन रिव्हर ते सलायना, ११० मैल’. खाली चढाच्या फुटांसाठी, वाऱ्यासाठी आणि निघतानाच्या टक्क्यांसाठी तीन रकाने आखलेले होते.